लाटांची उघडीप: समुद्रातल्या पवनचक्क्यांची जोखीम कशी कळत गेली

बेळगावला समुद्र कळतो तो बांगड्यावरून. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. मग वेंगुर्ला, कारवारकडून घाट चढून येणारी मासळी आटते आणि भाव चढतो. नेमक्या त्याच दिवसांत सौंदत्तीकडच्या माळावरच्या पवनचक्क्या भरात फिरत असतात. समुद्रातल्या पवनचक्कीचं मूळ दुखणं इथंच आहे: वारा जोरात असतो तेव्हाच तिच्यापर्यंत जाता येत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हायड्रॉलिक पंप बंद पडला, तर फिटर स्कूटरला किक मारून अर्ध्या तासात दारात. समुद्रात तोच फिटर लाटांकडे बघत धक्क्यावर बसून राहतो. बिघाड किरकोळ आणि पोहोचणं महाग, हे कळायला या धंद्याला बरीच वर्षं लागली.

सुरुवात सोपी होती, आणि तिनंच फसवलं. डेन्मार्कमध्ये विंडेबी इथं 1991 साली जगातली पहिली समुद्री पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. 11 यंत्रं, प्रत्येकी 450 किलोवॅटची, किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, उथळ पाण्यात. ती पंचवीस वर्षं चालली आणि 2017 मध्ये उतरवली. जमिनीवरचं यंत्र थोडं सुधारून पाण्यात नेलं की झालं, असा समज त्यातून पक्का झाला.

तो मोडला डेन्मार्कच्याच हॉर्न्स रेव्ह प्रकल्पानं. 2002 साली उत्तर समुद्रात, किनाऱ्यापासून 14 ते 20 किलोमीटरवर, दोन मेगावॅटच्या 80 पवनचक्क्या उभारल्या गेल्या. दोनच वर्षांत ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर इतके दगा देऊ लागले, की मनोऱ्यांवरच्या ऐंशीच्या ऐंशी यंत्रपेट्या उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणाव्या लागल्या. कारणं दोन: उत्पादनातले दोष आणि खारी, दमट हवा. जमिनीवर असतं तर वॉरंटीचं भांडण होऊन मिटलं असतं. इथं क्रेनची जहाजं भाड्यानं घ्यावी लागली. पेटीत हवा कोरडी राखणं, गंजरोधक लेप, किनाऱ्यावर बसून कंपनं आणि तेलाचं तापमान वाचणं, यांकडे या घटनेनंतर लोक गंभीरपणे बघू लागले.

दुसरा धडा आपल्या फाउंड्रीवाल्यांना लगेच कळेल, कारण मशीनच्या पायाचं ग्राउटिंग, म्हणजे फटीत सिमेंटचा पातळ गारा ओतून ती घट्ट करणं, त्यांनी केलेलं असतं. समुद्रतळात ठोकलेल्या पोलादी नळावर दुसरा नळ चढवून मधल्या फटीत ग्राउट भरायचं, अशी रीत होती. नळ सरळ आणि गुळगुळीत. लाटा-वाऱ्याच्या सततच्या हेलकाव्यांनी ग्राउटची पकड सुटली आणि वरचा नळ हळूहळू खाली सरकू लागला. 2009-10च्या सुमारास नेदरलँड्स, ब्रिटन, डेन्मार्क अशा कितीतरी ठिकाणी हे आढळलं. नियम बदलले, नळ थोडे शंकूच्या आकाराचे झाले किंवा आतून पोलादी कडा जोडल्या गेल्या. जुन्यांना रबरी आधार बसवले. एकाच पद्धतीनं शेकडो यंत्रं बांधली की चूकही शेकड्यानंच होते.

माणसाला यंत्रावर चढवण्याचा इतिहास मात्र सावकाश सरकला. छोटी बोट मनोऱ्याला नाक टेकवून धरते आणि तंत्रज्ञ शिडीवर पाय टाकतो. लाट साधारण दीड मीटरच्या वर गेली की हे काम बंद. पुढं राहण्याची सोय असलेली जहाजं आली, जहाज हलत असतानाही स्थिर राहणारे पूल आले. त्यामुळं कामाचे दिवस वाढले, तरी लाटांची उघडीप, म्हणजे समुद्र शांत असण्याचा अवधी, मोजूनच वेळापत्रक आखावं लागतं. विमावाल्यांची डोकेदुखी वेगळीच आहे. त्यांच्या दाव्यांत सर्वांत मोठा वाटा तळाशी पुरलेल्या केबलींचा. वाळू सरकते, केबल उघडी पडते, आणि एखाद्या जहाजाचा नांगर तिला ओढतो.

जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाजवळ समुद्री पवनचक्कीचं 107 मीटरचं एक पातं मोडलं आणि तुकडे किनाऱ्यावर वाहून आले. पात्यात गोंदाची जोड नीट बसली नव्हती, आणि कारखान्यातल्या तपासणीत ते सुटलं होतं. उद्यमबागेत असला माल रिजेक्शनच्या ढिगात गेला असता, असं म्हणायला सोपं आहे. पण घाईच्या ऑर्डरीत काय काय निसटतं, हे तिथल्या प्रत्येक सुपरवायझरला ठाऊक आहे.

भारताचं समुद्री पवन धोरण 2015 चं. 2017 मध्ये खंभातच्या आखातात वारा मोजणारं लेझर उपकरण बसलं. जून 2024 मध्ये गुजरात आणि तमिळनाडूजवळ प्रत्येकी 500 मेगावॅटसाठी केंद्रानं 7,453 कोटींची योजना मंजूर केली. पण उत्तर समुद्राची वही जशीच्या तशी उतरवून इथं चालणार नाही, कारण तिच्यात आपल्यासारखी चक्रीवादळं नाहीत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ दीव-उना पट्ट्यात जमिनीवर आलं. त्याआधी त्यानं मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-305 हा कामगारांच्या निवासाचा तराफा बुडवला. त्यावर 261 माणसं होती. सोबतच्या टगसह (ओढबोटीसह) 80 हून अधिक जीव गेले. वादळाचा इशारा आधीच मिळाला होता. तराफा वेळेत सुरक्षित जागी का नेला नाही, यावर नंतर बरेच दिवस एकमेकांकडे बोटं दाखवणं चालू होतं.