बालवयातील शरीरभान आणि संमती (नागपूर)

साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांना आपले शरीर, स्पर्श, नकार, भावना आणि ओळख यांविषयी वयाला पेलेल अशा भाषेत शिकवणे. नागपूरच्या शाळांत आणि पालकांच्या बोलण्यात हे सगळे 'गुड टच-बॅड टच' या नावाखाली जाते. नाव तोकडे आहे. स्पर्श ओळखणे हा या शिक्षणाचा एक तुकडा, आणि त्याच्या आधी बरेच काही घडून जावे लागते.

सुरुवात न्हाणीघरात होते. नाक, कान, गुडघा सांगतो तशाच सुरात शिश्न, योनी, गुद हे शब्दही मुलाच्या कानावर पडावेत, असे बालविकासाचे अभ्यासक सांगतात. घरोघरी 'शूची जागा' किंवा एखादा खास लाडाचा शब्द असतोच. तो असू द्यावा; पण कुठे दुखते हे डॉक्टरांना किंवा शाळेतल्या बाईंना कळेल असा शब्दही मुलाकडे हवा. सोबतचा नियम सोपा: चड्डीखालच्या जागेला दुसऱ्याने हात लावायचा नाही. आंघोळ-स्वच्छता आणि दवाखान्यातली तपासणी एवढे अपवाद, तेही मुलाला सांगून. दवाखान्यात घरचे माणूस समोर असावे.

संमतीचा धडा मात्र पाहुण्यांसमोर गिरवला जातो, नाहीतर तिथेच बुडतो. सुट्टीत मामा आला की आजी म्हणते, "अवं पोरी, मामाले पप्पी दे ना! लाजते काऊन?" पोरगी आईच्या मागे दडते. तिला ओढून पुढे केले, तर मोठ्यांनी म्हटले की ऐकायचे, मग नको वाटले तरी, एवढेच तिच्या मनात बसते. शाळेतल्या तासाभराच्या व्याख्यानाने ते निघत नाही. "नमस्कार कर, नाहीतर टाळी दे, तुला आवडेल ते कर" म्हणणाऱ्या आईला सासर-माहेर दोन्हीकडे काही दिवस आगाऊ ठरावे लागते; त्याला इलाज नाही. गुदगुल्यांचेही तसेच. मुलाने 'बस' म्हटले की हात थांबला पाहिजे, हसत म्हटले तरी. आणि दुसऱ्याचे 'नको' त्यानेही ऐकले पाहिजे. हा उत्तरार्ध मुलग्यांच्या घरांत हमखास राहून जातो.

'बॅड टच' वाईटच वाटेल, असे नसते. लाड, खाऊ, गुदगुल्या यांच्या आडून आलेला स्पर्श मुलाला आवडूही शकतो, आणि मग आपलेच चुकले म्हणून ते गप्प बसते. त्यामुळे हल्ली सुरक्षित-असुरक्षित असे म्हणतात आणि गुपितावर जास्त भर देतात: कोणीही "आईला सांगू नको" म्हटले, तर तेच आधी आईला सांगायचे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता. छळ करणाऱ्यांत निम्मे ओळखीचे होते. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस, ही सूचना त्यामुळे अर्धीच कामाची.

नागपुरात या शिकवणीची उजळणी करायला तान्हा पोळा सोयीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. एकट्याने जायचे नाही, बोजारा दारातच घ्यायचा, कोणी आत बोलावले तर सोबत्यांना हाक मारायची, एवढे आदल्या संध्याकाळी सांगितले की सणही होतो आणि धडाही.

भावनांना नाव देणे हा याच शिक्षणाचा भाग: राग, भीती, लाज, हेवा. "मुलगा असून रडते काय" हे वाक्य एका झटक्यात त्यातल्या दोन-तीन भावना बाद करते. ओळखीबाबत मुले सिग्नलवर पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी व्यक्ती पाहून प्रश्न विचारतातच. पालक काच वर करतात. २०१८ मध्ये नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनेलवर विद्या कांबळे या तृतीयपंथी सदस्य म्हणून बसल्या होत्या. तेवढे सांगितले तरी पाच वर्षांच्या मुलाला उत्तर पुरते.

शासनाची भूमिका दीर्घकाळ बिचकती राहिली. २००७ मध्ये विरोधानंतर राज्यात किशोरवयीनांचे लैंगिक शिक्षणच थांबवले गेले. लहानग्यांचा विचार दूरच. २०२२ मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश निघाला, आणि बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतर त्या कागदावर आहेत की कामात, याची विचारपूस सुरू झाली.

या विषयात नागपूरचे नाव देशभर गेले ते एका निकालामुळे. २०१६ मध्ये इथल्या एका माणसाने १२ वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरी नेले आणि तिची छाती दाबली. १९ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले, की कपड्यांवरून झालेला, त्वचेला त्वचा न भिडलेला स्पर्श पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: निर्णायक ठरतो तो हेतू, कापडाचा थर नव्हे. आरोपीची तीन वर्षांची सक्तमजुरी कायम झाली.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलाने काही सांगितले तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक असून, दडवणेही गुन्हा आहे. शाळेची अब्रू ही सबब चालत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.