मन शांत होणं आणि मन बरं होणं

विपश्यनेचं, म्हणजे मौन ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्या माणसाला विचारा कसं वाटतंय, आणि सहा-आठ महिने काउन्सेलरकडे जाणाऱ्यालाही विचारा, दोघांचं उत्तर बहुतेक सारखंच येतं, "आता बरंच हलकं वाटतंय". मग घरोघरी सल्ले सुरू होतात की अगं दर आठवड्याला थेरपीवर एवढे पैसे कशाला घालतेस, इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन ये, तिथे फी पण नाही. किंवा उलट, नुसतं डोळे मिटून बसून काय होणारे, नीट डॉक्टरला दाखव. दोन्ही सल्ले मायेनेच दिलेले असतात, पण दोन्हींत मन शांत होणं आणि मनातलं जुनं दुखणं बरं होणं हे एकच धरलेलं असतं. ही दोन कामं वेगळी आहेत. एकमेकांना खूप मदत करतात, पण एक झालं म्हणजे दुसरं आपोआप झालं असं होत नाही, आणि मनापासून ध्यान करणारी चांगली चांगली माणसं नेमकी इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ध्यान. विपश्यनेचंच उदाहरण घेते कारण आपल्याकडे ते बहुतेकांना ऐकून तरी माहितीये आणि त्याची पद्धत अगदी ठरलेली आहे. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे, सत्यनारायण गोएंका गुरुजींनी सुरू केलेलं. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून बसायचं, दिवसभरात मिळून दहा तासांच्या आसपास ध्यान, बोलणं बंद, फोन बंद, वाचन-लेखन सुद्धा बंद. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास आणि नाकाच्या आसपासचा भाग, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघत जायचं. आता समजा एखाद्या मुलीचे वडील वर्षभरापूर्वी गेलेत आणि पाचव्या दिवशी बसल्या बसल्या तिला रडू फुटलं. तिला शिकवलेलं काय असतं? छातीत काय होतंय ते बघ, जड वाटतंय, गरम वाटतंय, धडधडतंय, जे असेल ते, त्याला ढकलू नको, धरूनही ठेवू नको, ते बदलतंय एवढं बघ. वडील कसे होते, हॉस्पिटलमध्ये शेवटी काय बोलणं झालं, भाऊ तेव्हा कुठे होता, या सगळ्यात शिरायचंच नाही. गोष्ट बाजूला ठेवायची आणि संवेदना बघायची, या पद्धतीची सगळी ताकद त्यातच आहे. सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षकांना, दुपारी भेटता येतं पण ते थोडक्यात आणि साधनेच्या अडचणींबद्दल, तुमची पूर्ण कहाणी ऐकणं हे तिथलं काम नाही.

तीच मुलगी काउन्सेलरसमोर बसली की प्रश्न बरोब्बर उलटे येतात. शेवटचं बोलणं काय झालं? कोणाचा राग आला? स्वतःचा आला का? आणि दोन-चार भेटींनंतर कळतं की वर्षभर ती ज्याला दुःख दुःख म्हणतेय त्याच्याखाली अपराधीपणा आहे, बाबा गेले त्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता आणि तिने वैतागून "नंतर बोलते" म्हणून ठेवून दिला होता. आता इथे खरं काम सुरू होतं. फोन ठेवला हे खरं, पण "म्हणून मी वाईट मुलगी आहे" हे कुठून आलं? अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आरईबीटी म्हणून आपल्याकडेही बरीच वापरली जाते, तिचा रोख हाच आहे की घटना आणि त्रास यांच्या मधोमध आपली एक पक्की समजूत बसलेली असते, ती शोधायची आणि तपासायची. ध्यानाच्या आसनावर ही समजूत कोणी तपासत नाही. छातीतला जडपणा विरघळतो, मन निवांत होतं, आणि "मी वाईट मुलगी" हे वाक्य तसंच आत राहू शकतं, मग सहा महिन्यांनी आईने साधं "तू फोन का नाही केलास" विचारलं तरी ती उसळते आणि तिला कळत नाही की एवढं ध्यान करून पण हे असं का होतंय.

अजून एक मोठा फरक म्हणजे दुसरं माणूस. ध्यान एकट्याने करायचं असतं, शंभर जण हॉलमध्ये असले तरी. पण मनाच्या बऱ्याचशा जखमा माणसांकडूनच झालेल्या असतात, सतत तोडून बोलणारे वडील, टोमणे मारणारं सासर, शाळेतली मारहाण, आणि अशा ठिकाणी कोणीतरी समोर बसून न रागावता, न उपदेश करता ऐकून घेतंय हा अनुभवच औषधाचा मोठा भाग असतो असं माझं ठाम मत आहे. श्वास कितीही बघितला तरी तो अनुभव श्वास देऊ शकत नाही.

मग गोंधळ होतो कशामुळे, तर दोन्हीकडे "भावनेपासून पळू नका" असंच सांगतात, दोन्हीकडे रडू येतं आणि दोन्हीकडे नंतर हलकं वाटतं. शिबिरात रडू आलं की साधक म्हणतात जुने संस्कार, म्हणजे मनावर साठलेले जुने ठसे, वर येऊन निघून गेले. असेल, मी त्याला नाही म्हणत नाही. पण निघून गेले का खाली बसले हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही, आणि इथे जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे १९९० च्या दशकातले प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. त्यांनी लोकांना त्रासदायक फिल्म दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले, पण शरीराच्या मोजमापात आतली उत्तेजना कमी व्हायच्या ऐवजी काही बाबतीत वाढलेलीच दिसली. म्हणजे भावना दाबणारा माणूस बाहेरून अगदी समतेत, म्हणजे मन स्थिर असल्यासारखाच दिसतो, आणि आपल्याकडे तर लहानपणापासून "रडू नको, शहाणी ना तू" ऐकून दाबायची प्रॅक्टिस पक्की झालेली असते. असा माणूस ध्यानाला बसला की त्याच सवयीला साधनेचं नाव मिळतं. राग आला, श्वास बघितला, राग गेला, पण राग ज्याच्यामुळे आला ते बोलायचं राहूनच गेलं, वर्षानुवर्षं. जॉन वेलवुड हे मानसोपचार करणारे आणि स्वतः बौद्ध साधना करणारे गृहस्थ, त्यांनी १९८० च्या दशकात यालाच स्पिरिच्युअल बायपासिंग म्हटलं, अध्यात्माच्या आडवाटेने दुखऱ्या जागेला वळसा घालणं. टीका करणारा माणूस साधनेच्या आतलाच होता हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता याच्या उलट बाजू बघा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या त्या मुलांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, पण पुढच्या सहा महिन्यांत ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या हेल्थ सेंटरच्या फेऱ्या बाकीच्यांपेक्षा कमी झाल्या. बरं होण्याच्या कामात असं बरेचदा होतं, थेरपीच्या सेशननंतर संध्याकाळभर डोकं जड, चिडचिड, झोपावंसं वाटणं. ध्यानानंतर लगेच छान वाटतं, म्हणून लोकांना ध्यान "काम करतंय" आणि थेरपी "त्रास देतेय" असं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला थेरपी सोडून देतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं कारण बऱ्याचदा तेव्हाच कुठे दार उघडायला लागलेलं असतं.

आपल्या परंपरेत ही दोन कामं एकाच माणसात बघायची तर तुकोबा आहेत. दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, लोकांत मान गेला, हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगात नाव घेऊन, लाज वाटली हे सुद्धा न लपवता सांगितलंय. आणि तेच तुकोबा डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे. एकांत होता म्हणून बोलणं टाळलं नाही.

ध्यानाकडे उपचार म्हणून बघण्याबद्दल गोएंका गुरुजी स्वतःचीच गोष्ट सांगायचे ती फार बोलकी आहे. त्यांना भयंकर मायग्रेन होता, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. म्यानमारमध्ये, तेव्हाच्या ब्रह्मदेशात, विपश्यना शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते गेले तेव्हा सयाजींनी सांगितलं की डोकेदुखी बरी करायला येणार असाल तर येऊ नका, हा मार्ग त्यासाठी नाही. नंतर १९५५ मध्ये ते मन शुद्ध करायचं म्हणून गेले, दुखणंही गेलं, पण ते पुढे आयुष्यभर ओघात झालेला एक चांगला परिणाम म्हणून सांगितलं गेलं, हेतू म्हणून नाही. आज शिबिराच्या अर्जात मानसिक आजार, चालू औषधं विचारतात आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर करू नका म्हणून स्पष्ट सांगतात. तो रकाना खरा भरा प्लीज. लपवून जाणारे लोक असतात आणि ते फार धोक्याचं आहे.

धोक्याचं का, तर खोल ट्रॉमा, म्हणजे मनावर मोठा आघात, असलेल्या माणसासाठी शरीर हीच असुरक्षित जागा असते. डोळे मिटलेले, बोलायला कोणी नाही, आणि लक्ष फिरत फिरत त्याच जागी येतं जिथे भीती गोठून बसलीये. अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीचे संशोधक जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये जे लिहिलं त्यात भीती, पॅनिक, जुन्या आठवणी उसळून येणं, आणि काहींच्या बाबतीत भावनाच न जाणवणं असे अनुभव नोंदवलेत. यावरून ध्यान वाईट असं अजिबात नाही. मात्र किती, कधी आणि कोणाच्या सोबतीने हे बघावं लागतं.

एकत्र करायचं तर त्याचं चांगलं तयार उदाहरण आहे, एमबीसीटी, म्हणजे माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी, ध्यान आणि विचार तपासणारी थेरपी एकत्र. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या डिप्रेशनसाठी बनवलेला आठ आठवड्यांचा कोर्स, ग्रुपमध्ये, रोजचं घरी ध्यान आणि जोडीला "हा विचार आहे, वस्तुस्थिती नाही" हे ओळखायचं थेरपीतलं काम. ब्रिटनमध्ये डिप्रेशन परत येऊ नये म्हणून तो अधिकृतपणे सुचवला जातो. लक्षात घ्या की दहा दिवस दहा तास नाही, रोज थोडं थोडं, आणि कोणीतरी विचारणारं आहे.

घरी करणाऱ्यांसाठी मला पटलेली पद्धत अशी. जखम ताजी असेल, नुकतं कोणी गेलंय, घटस्फोट चालू आहे, तर लांबचं मौन शिबिर पुढे ढकला आणि आधी बोलायला माणूस शोधा. रोज १५-२० मिनिटं बसणं चालू राहू दे. बसल्यावर घाबरायला झालं तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकलेले जाणवू द्या, पंख्याचा आवाज ऐका, किंवा सरळ उठून चाला, चालत केलेलं ध्यान कमी दर्जाचं नसतं. ध्यानात जे वर आलं ते दोन ओळीत लिहून पुढच्या सेशनला घेऊन जा, तिथे गोष्ट उघडा. थेरपीच्या दिवशी संध्याकाळी खोल ध्यान नको, जेवा, अंघोळ करा, लवकर झोपा. आणि प्रगती मोजायची तर आसनावर किती शांत वाटलं यावरून मोजू नका, ज्या माणसाचा फोन आला की पोटात गोळा यायचा त्याच्याशी आता कसं बोलता यावरून मोजा.

काउन्सेलर निवडताना शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, गोळ्या सायकॉलॉजिस्ट देत नाहीत, त्या सायकियाट्रिस्टसारखे डॉक्टरच देतात, आणि दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये "सगळा ट्रॉमा रिलीज" म्हणणाऱ्यांपासून मी तरी लांब राहीन. गोळ्या चालू असतील तर ध्यानाने बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोलूनच कमी करा. सलग काही रात्री झोप नाही, आजूबाजूचं खोटं खोटं वाटतंय, जीव नकोसा वाटतोय असं झालं तर ध्यान त्याच दिवशी थांबवा आणि १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस लाइन आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं.