बेक्ड फ्रेंच टोस्टमध्ये फळं घालताना

रविवारी नाश्ता आणि जेवण एकाच बैठकीत उरकायचं असेल आणि खाणारी माणसं पाच-सहा असतील, तर तव्यावर एकेक स्लाइस परतत बसण्यापेक्षा बेक्ड फ्रेंच टोस्ट सोयीचा. भांड्यात ब्रेडचे तुकडे, त्यावर अंडं-दुधाचं मिश्रण, मध्ये फळं, आणि ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) पाऊण तास. फळं नसली तर हा पदार्थ सहसा बिघडत नाही. फळं आली की बिघडतो, आणि बिघडवण्याची तऱ्हा प्रत्येक फळाची वेगळी. स्ट्रॉबेरी पाणी सोडते, अननस अंड्याची वीणच उसवतं, हापूस स्वतःचा सुगंध घालवून बसतो. फळांकडे वळण्याआधी मूळ पदार्थ कशाने बांधला जातो ते बघायला हवं.

अंड्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळी झालेल्या लांब साखळ्या. उष्णतेने त्या उलगडतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. दुधातलं पाणी या जाळ्यात अडकतं. नुसतं अंडं साधारण ६५ अंश सेल्सियसला घट्ट व्हायला लागतं, पण दूध-साखर मिसळलेलं मिश्रण ७८ ते ८३ अंशांदरम्यान धरतं. दुधामुळे प्रथिनं एकमेकांपासून लांब पडलेली असतात, शिवाय साखर त्यांना लवकर उलगडू देत नाही. तापमान ८५च्या पुढे गेलं की जाळं आवळत जातं आणि अडकलेलं पाणी पिळल्यासारखं बाहेर पडतं. खरवस जास्त वेळ वाफवला की त्याला भोकं पडतात आणि थाळीत पाणी सुटतं, तसंच हे. म्हणजे जमलेला आणि फुटलेला टोस्ट यांच्यात अंतर आहे फक्त काही अंशांचं.

प्रमाण असं: ब्रेड ३०० ग्रॅम, अंडी ४, फुल क्रीम दूध ४५० मिली, साखर ५० ग्रॅम, मीठ पाव चमचा, वेलची-जायफळ किंवा व्हॅनिला, आणि फळं २५० ग्रॅम. भांडं साधारण दोन लिटरचं, २० सेंटिमीटर चौरस, काचेचं. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा टिन आंबट फळांना नको, आम्लाने धातू विरघळून चव आणि रंग दोन्ही बिघडतात. अंडी आणि साखर आधी फेटावी, मग दूध घालून मिश्रण गाळून घ्यावं; बलकाला धरून असलेले पांढरे दोर गाळणीत राहतात. फेस येईल इतकं फेटू नये. दालचिनी वापरायची तर ती साखरेत कालवूनच घालावी, कारण तिची पूड दुधात भिजत नाही, वर तरंगते आणि पहिल्या दोन तुकड्यांना सगळी चिकटते. दुधाची पिशवी बघून घ्या: फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३. टोन्ड दुधाने टोस्ट होतो, पण जरा रबरासारखा लागतो.

ब्रेड कोणता? स्लाइस केलेला मऊ सँडविच ब्रेड नको. त्याच्या जेमतेम सेंटिमीटरभर जाडीच्या स्लाइस मिश्रणात विरघळल्यागत होतात. बेकरीतून न कापलेला ब्रेड आणून अडीच सेंटिमीटरचे तुकडे करावेत. तेही नको असेल तर लादी पाव उत्तम. आठ पाव म्हणजे अंदाजे ३०० ग्रॅम.

‘शिळा ब्रेड घ्या’ असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो अर्धाच खरा आहे. शिळा होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बुसँगो यांनी १८५२ साली दाखवलं की ब्रेडमधलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही तरी तो शिळा आणि कडक होतो, आणि ६० अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. भाजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा ओळीने रचले जातात, म्हणून ब्रेड कडक लागतो. फ्रिजच्या तापमानाला ही रचना सर्वांत वेगाने होते, त्यामुळे ब्रेड फ्रिजमध्ये ठेवणं हा त्याला शिळा करण्याचा झटपट मार्ग. पण अशा ब्रेडमध्ये पाणी होतं तितकंच असतं, आणि आपल्याला हवी आहे दुधासाठी रिकामी जागा. म्हणून ब्रेड वाळवायला हवा. ठाण्या-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत तो ओट्यावर उघडा ठेवून वाळत नाही; पावसाळ्यात तर वाळण्याआधी बुरशी येते. तुकडे ट्रेमध्ये एका थरात पसरून ओटीजीत १२० अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवावेत. वजन ३०० ग्रॅमवरून २६०च्या आसपास आलं की पुरे. रंग येऊ देऊ नये.

आता फळं. वाशीच्या फळबाजारात आणि तिथून जांभळी नाक्यापर्यंत डिसेंबरपासून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला लागते आणि सगळ्यांना तीच टोस्टमध्ये घालायची असते. स्ट्रॉबेरीत ९० टक्के पाणी असतं. २५० ग्रॅम फळात सव्वादोनशे ग्रॅम पाणी, म्हणजे आपण मोजून घातलेल्या दुधाच्या निम्मं. उष्णतेने फळाच्या पेशी फुटतात, पाणी भांड्याच्या तळाशी उतरतं आणि खालचा थर लापशी होतो. त्यात आंबटपणाची भर. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन ४.६ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साकळतं आणि स्ट्रॉबेरीचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो, त्यामुळे फळाभोवती पांढरट कण दिसतात. त्याने टोस्ट खराब होत नाही, पण दिसतो फुटल्यासारखा.

यावर उपाय म्हणजे पाणी आधीच काढून घेणं. फळं चिरून दोन मोठे चमचे साखर भुरभुरावी आणि अर्धा तास चाळणीत ठेवावी. साखर रस बाहेर ओढते. निथळलेली फळं टोस्टमध्ये घालायची. रसात चमचाभर कॉर्नफ्लोर कालवून तो मिनिटभर उकळायचा आणि पारदर्शक झाला की वाढताना वरून ओतायचा. कॉर्नफ्लोर थेट अंड्याच्या मिश्रणात घालून काम भागत नाही. त्याला नीट दाटायला उकळीच्या जवळ जावं लागतं आणि टोस्टचं पोट ८० अंशांवर थांबवायचं असतं. बेकिंग सोडाही घालू नका. स्ट्रॉबेरी, जांभूळ, ब्लूबेरी यांचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर-हिरवा होतो. अंड्याचा पांढरा भाग मुळातच अल्कलीधर्मी असतो, म्हणून ब्लूबेरीभोवती कधी कधी हिरवट कडा येते. ती बुरशी नव्हे.

अननसाचं दुखणं पाण्याचं नाही, एन्झाइमचं आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं आणि ते प्रथिनांच्या साखळ्या कापतं. ज्या साखळ्यांचं जाळं व्हायचं, त्यांचेच तुकडे झाले तर मिश्रण धरणार कसं? शिवाय केसीनचे हे तुकडे कडू लागतात. ताजं अननस घातलेला टोस्ट कापून बघा: कडेला पिवळसर, छान धरलेला भाग, आणि अननसाच्या फोडीभोवती मात्र पातळ, दाणेदार पाणी. चव घेतली तर जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. ओव्हनमध्ये ब्रोमेलेन मरेल असं वाटतं आणि शेवटी मरतंही, पण टोस्टच्या पोटाचं तापमान हळूहळू चढतं. ४० ते ६० अंशांच्या टप्प्यात ते बराच वेळ असतं आणि नेमक्या याच टप्प्यात ब्रोमेलेन सर्वांत जोमाने काम करतं. रात्रभर फ्रिजमध्ये भिजवलं असेल तर तिथेही संथपणे कापाकापी चालू असतेच. म्हणून दीड सेंटिमीटरच्या फोडी कढईत चमचाभर साखर घालून, रस खळखळ उकळून आटेपर्यंत, निदान पाच मिनिटं परतून घ्याव्यात. त्याने ब्रोमेलेन निकामी होतं आणि पाणीही आटतं. डब्यातलं अननस डबाबंद करतानाच तापवलेलं असतं, ते निथळून थेट चालतं. किवी आणि ताजं अंजीर यांनाही हाच नियम. पपईचं पपेन उष्णतेला जास्त दाद देत नाही; पपई टाळलेलीच बरी.

हापूस भाजू नये, हे स्पष्टच सांगतो. त्याची किंमत सुगंधाची आणि सुगंधाची द्रव्यं उष्णतेने उडून जातात. उरतो तो गोड गर. टोस्ट साधा भाजून वर गार हापसाच्या फोडी ठेवा. भाजायला सर्वांत गुणी फळ केळं. आंबटपणा कमी, पाणी पेशींत धरून ठेवणारं, एन्झाइमची कटकट फक्त रंगापुरती. चिरलेलं केळं हवेने काळं पडतं, म्हणून ते रात्री न घालता भाजायच्या आधी घालावं. पिकलेला चिकूही चांगला. सफरचंदाच्या ३-४ मिलिमीटरच्या चकत्या लोण्यात आधी अर्धवट शिजवाव्या लागतात, नाहीतर पाऊण तासातही कच्च्या राहतात.

भिजवण्याचा वेळ ब्रेडवर अवलंबून असतो: पावाला अर्धा-पाऊण तास, जाड ब्रेडला दोन तास ते रात्रभर. रात्रभर म्हणजे फ्रिजमध्येच, ५ अंशांच्या खाली. कच्चं अंडं आणि दूध आपल्याकडच्या उन्हाळी रात्री ओट्यावर ठेवणं म्हणजे साल्मोनेला या विषबाधा करणाऱ्या जिवाणूला आमंत्रण. सकाळी काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओटीजीत घालू नये, काच तडकते. अर्धा तास बाहेर ठेवावं.

ओटीजी १७० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं आधी तापवलेला, भांडं मधल्या जाळीवर. डायलवर १७० म्हणजे आत १७० असेलच असं नाही. एक साधा ओव्हन थर्मामीटर आत लटकवला की दहा-वीस अंशांचा फरक लगेच कळतो. छोट्या ओटीजीत वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ येतो: वरून करपलेलं, आतून कच्चं ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच. पहिली २५ मिनिटं फॉइलने झाकावं, मग फॉइल काढून १५ ते २० मिनिटं. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तपकिरी रंग व भाजल्याचा वास देणाऱ्या प्रक्रियेला १४०च्या आसपास जावं लागतं. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही प्रक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार यांनी १९१२ मध्ये वर्णिली. कुकरमध्ये वाफवलेला टोस्ट धरतो, पण त्याला हा वास येत नाही, तो याच कारणाने. वर कुरकुरीतपणा हवा असेल तर ३० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम साखर आणि मूठभर काजूचे तुकडे बोटांनी चोळून फॉइल काढल्यावर पसरावेत.

झाला की नाही हे थर्मामीटरच्या सुईने बघायचं, मध्यभागी ७८ ते ८० अंश. सुई नसेल तर कड आणि मध्य यांच्या मधोमध सुरी खुपसावी: स्वच्छ निघाली आणि भांडं हलवल्यावर मध्य किंचित थरथरला की बाहेर काढा. पुढची १० मिनिटं आतली उष्णता उरलेलं काम करते. फुगलेला टोस्ट या वेळात बसतो. ती वाफ निघून जाणं आहे, चूक नाही.

अंडं खात नसाल तर कस्टर्ड पावडर चालते, पण ती मुख्यतः कॉर्नफ्लोरच असल्याने पद्धत उलटी. ५०० मिली दुधात २५ ग्रॅम पावडर आधी उकळून दाट करायची, कोमट झाल्यावर ब्रेडवर ओतायची आणि मग फक्त रंगापुरतं २५ मिनिटं भाजायचं. इथे मात्र अननस कच्चं घालण्याची चूक थोडी खपते, कारण धरून ठेवणारा स्टार्च आहे आणि ब्रोमेलेन त्याला हात लावत नाही. दुधाचा कडवटपणा येतोच.

उरलेला टोस्ट झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी ओटीजीत १६० अंशांवर दहा मिनिटं ठेवावा. ब्रेडचा कडकपणा ६० अंशांनंतर सुटतो आणि वरचा थरही पुन्हा कोरडा होतो.