ड्रॅगनचे २५० अंक सीडीवर, मग २५१ वा का नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रं घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या ड्रॅगन या मासिकाचं जुनं काही शोधायला बसलं की सगळे एकाच दगडाला ठेचकाळतात. ऑगस्ट १९९८ चा २५० वा अंक इथपर्यंतचं सगळं खेळाच्या मालक कंपनीने स्वतः काढलेल्या सीडीवर आहे, पान न पान, शब्द टाकून शोधता येतं. त्याच्या पुढच्या छापील अंकांची अशी अधिकृत सीडी नाही, जे फिरतं ते कुणीतरी घरी स्कॅन केलेलं, तिरकं, मधेच अंगठा आलेलं. कारण विचारलं तर हमखास ऐकू येतं की "कोर्टाने बंदी घातली". तशी बंदी कुठल्या कोर्टाने घातली नव्हती. झालं ते जास्त गुंत्याचं होतं आणि त्याचं मूळ लेखकांबरोबर झालेल्या (किंवा न झालेल्या) करारांत आहे.

आधीचा काळ पटकन उरकतो, कारण तो बहुतेकांना माहीत असतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हाहून खेळाच्या मूळ कंपनीचं स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू नावाचं बारकं पत्रक सुरू झालं, सात अंक निघाले, आणि तेवढ्यात रेंजर, इल्युजनिस्ट, बार्ड हे पात्रप्रकार आणि माइंड फ्लेअर हा राक्षस एवढा ऐवज येऊन गेला. जून १९७६ मध्ये ड्रॅगनचा पहिला अंक. १९८६ ला नुसत्या अ‍ॅडव्हेंचर्ससाठी (म्हणजे खेळायला तयार कथानकांसाठी) डंजन हे वेगळं मासिक. १९८५ चं अनअर्थ्ड आर्काना हे नियमांचं पुस्तक हातात घेऊन जुने अंक शेजारी ठेवले तर कळतं की बार्बेरियन, कॅव्हेलियर, थीफ-अ‍ॅक्रोबॅट हे सगळे पात्रप्रकार आधी मासिकात राहून आलेत. म्हणजे मासिक ही खेळाची प्रयोगशाळा होती आणि प्रयोग करणारे बरेचसे बाहेरचे, म्हणजे कॉलेजची पोरं, मास्तर, नोकरदार, ज्यांना शब्दामागे काही सेंट मिळायचे.

इंग्लंडातही तेच. व्हाइट ड्वार्फ १९७७ ला निघालं, त्यात वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांचं फीन्ड फॅक्टरी नावाचं सदर होतं, त्यातले बरेच १९८१ च्या फीन्ड फोलिओ या जाड पुस्तकात गेले. त्यातली गिथयांकी ही जमात एका शाळकरी वयाच्या मुलाने पाठवली होती, आणि नाव त्यानेही एका विज्ञान कादंबरीतून उचललं होतं, जिचा लेखक पुढे ड्रॅगनांच्याच मालिकेमुळे जगभर गाजला. आता बॉल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये लेझेल ही गिथयांकी बघून जे खूश होतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, तिची जमात एका मासिकाच्या वाचकाच्या डोक्यातून निघालीय.

आता मुद्द्यावर. १९९७ च्या सुरुवातीला मूळ कंपनीकडे छापखान्याचं बिल भागवायला पैसे उरले नाहीत आणि काही महिने अंकच निघाला नाही. त्याच वर्षी पत्त्यांच्या खेळावर श्रीमंत झालेल्या दुसऱ्या कंपनीने तिला विकत घेतलं. नव्या मालकाच्या हातात वीस-बावीस वर्षांचे अंक आले आणि १९९९ मध्ये त्यांनी पाच सीड्यांचा डबा काढला, ड्रॅगनचे पहिले २५० अंक आणि स्ट्रॅटेजिक रिव्ह्यूचे सातही. तेव्हा हे भारीच वाटलं असणार, कारण ज्याच्याकडे सत्तरच्या दशकातले अंक नव्हते त्याला ते मिळायचा दुसरा रस्ताच नव्हता.

पण लेखकांना विचारलं कुणी नाही आणि पैसेही दिले नाहीत. इथे तो शब्द येतो ज्यावर सगळी भांडणं झाली, "पहिल्यांदा छापायचे हक्क". लेखक म्हणणार की मी तुम्हाला लेख एकदा छापायला दिला, सीडी हा दुसरा वापर आहे. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही खरं तर, आपल्याकडे दिवाळी अंकात दिलेली कथा पुढे लेखकाच्या संग्रहात येते आणि अंकवाल्याला कथेचा मालक कुणी समजत नाही. कंपनीची बाजू अशी की अंकात आम्ही स्पष्ट लिहिलं होतं. आणि ते लिहिलेलं होतंही. ऐंशीच्या दशकातला अंक उघडा, सुरुवातीला वर्गणीचे दर, पत्ता, अंक उशिरा मिळाला तर काय करायचं, या सगळ्या बारीक टायपाच्या गर्दीत एक वाक्य सापडतं, की इथे छापलेलं सगळं साहित्य छापल्याक्षणी प्रकाशकाच्या मालकीचं होतं, आधी काही वेगळं ठरलं नसेल तर. भिंग घेऊन वाचावं लागतं असलं वाक्य.

गोची ही की अमेरिकेत १९७८ पासून लागू झालेल्या कायद्यात लेखाची मालकी बदलायची तर लेखकाची सही असलेला कागद लागतो. बारीक टायपातल्या वाक्याखाली कोणत्याच लेखकाची सही नसते. ऑफिसात पगारावर असलेल्यांनी लिहिलेलं सरळ कंपनीचं, तिथे वाद नाही. पण बाहेरच्या लेखकाचा सहीचा कागद फायलीत असला तर ठीक, नसला तर फक्त त्या अंकाचा भाग म्हणून छापायची परवानगी. त्यात १९७६-७७ चे अंक आधीच्या जुन्या कायद्याखालचे. म्हणजे २५० अंकांना एक नियम लावताच येत नाही, लेखागणिक बघायला हवं, आणि लेख हजारोंनी.

बरं, "फक्त त्या अंकाचा भाग म्हणून" याचा अर्थ तरी काय? कायदा म्हणतो प्रकाशक तोच अंक पुन्हा काढू शकतो किंवा त्याची "सुधारित आवृत्ती" काढू शकतो. मग सीडी ही सुधारित आवृत्ती की नवीनच वस्तू? या एका शब्दावर अमेरिकेत तेव्हा पेपरवाल्यांविरुद्ध फ्रीलान्स लेखकांची केस चालू होती. १९९७ ला खालच्या कोर्टात प्रकाशक जिंकले. सप्टेंबर १९९९ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं. जून २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा लेखकांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ड्रॅगनच्या सीडीचं काम चाललं होतं तेव्हा वारं प्रकाशकांच्या बाजूने होतं आणि डबा दुकानात येईपर्यंत ते फिरायला लागलेलं. नेमकी या निकालाचीच लोक "ड्रॅगनवर बंदी" करून टाकतात. त्या केसमध्ये ड्रॅगन कुठेच नव्हता. तिथला वाद मुख्यतः अशा डेटाबेसचा होता, जिथे एकेक लेख पानातून सुटा होऊन, शेजारच्या जाहिरातीशिवाय, चित्राशिवाय समोर येतो. कोर्टाने तिथेच मायक्रोफिल्म वेगळी काढली होती, कारण तिच्यात अख्खं पान जसंच्या तसं असतं.

मग ड्रॅगनची सीडी मायक्रोफिल्मसारखी की डेटाबेससारखी? दोन्हीसारखी, हीच तर पंचाईत. पानं अख्खी होती, जाहिरातींसकट, मिनिएचर्सच्या (खेळायच्या छोट्या बाहुल्यांच्या) आणि टपालाने चालणाऱ्या खेळांच्या त्या जाहिराती तर लेखांपेक्षा मजेदार आहेत. पण "पॅलाडिन" (धर्मयोद्धा) असा शब्द टाकला की थेट त्या लेखावर उडी पण मारता यायची. असाच झगडा नॅशनल जिओग्राफिकच्या सीड्यांवर चालू होता आणि तो जास्त बोलका आहे. २००१ ला एका अपील कोर्टाने म्हटलं की फोटोग्राफरचा हक्क मोडला. २००५ ला न्यूयॉर्ककडच्या दुसऱ्या अपील कोर्टाने म्हटलं, पानं जशीच्या तशी आहेत, चालेल. २००८ ला पहिल्या कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी बसून आधीचा निकाल ७ विरुद्ध ५ मतांनी उलटवला. म्हणजे पानं जशीच्या तशी ठेवलेली सीडी शेवटी प्रकाशकांना पचली असती असं म्हणायला जागा आहे. पण २००८ पर्यंत थांबायचं कुणी, आणि वकिलांची फी कोण भरणार?

ड्रॅगनच्या बाबतीत टोचलं ते कॉमिक स्ट्रिपवाल्यांकडून. टेबलाभोवती बसून हुज्जत घालणाऱ्या खेळाडूंची एक स्ट्रिप १९९६ पासून मासिकात यायची, तिचे हक्क मूळ काढणाऱ्यांकडेच होते आणि ती न विचारता सीडीवर गेली. त्यात समेट झाला, आणि समेट असा की त्यांना जुन्या नियमांवर बेतलेला स्वतःचा खेळ काढायची परवानगी मिळाली. तो हॅकमास्टर, २००१ मधला. स्ट्रिपमधली माणसं जो काल्पनिक खेळ खेळत भांडायची तोच खरा होऊन दुकानात आला. बाकीच्या लेखकांच्या हाती असं काही लागलं नाही, नाराजी तेवढी राहिली, आणि माझं मत विचाराल तर ती रास्त होती, मग कायदा पुढे कुठेही का वळेना. सीडीचा दुसरा भाग कधी निघाला नाही.

त्यानंतरचं सगळं याच सावलीत झालं. २००२ मध्ये दोन्ही मासिकं एका नव्या छोट्या कंपनीला चालवायला दिली गेली, त्या काळातले अंक माझ्या मते सर्वात नेटके, डंजनमध्ये महिनोनमहिने चालणाऱ्या अ‍ॅडव्हेंचरच्या साखळ्या तेव्हाच्याच. त्यांनी २००५ मध्ये जुन्या लेखांतून निवडक गोळा करून ड्रॅगन कॉम्पेंडियम काढलं, पण नुसती जुनी पानं उचलून नाही, बरंचसं तेव्हाच्या नियमांत नव्याने बसवून. वर खंड पहिला छापलं होतं, दुसरा आला नाही. एप्रिल २००७ मध्ये मालकांनी लायसन्स पुढे न वाढवायचं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये ड्रॅगन ३५९ आणि डंजन १५० वर छपाई थांबली. पुढे २०१३ पर्यंत ऑनलाइन अंक, मग २०१५ ते २०२२ एक अ‍ॅप.

२०१३ पासून जुनी मॉड्यूल्स, म्हणजे सुट्या पुस्तिकांत छापलेली कथानकं, पीडीएफमध्ये पैसे देऊन विकत मिळायला लागली तेव्हा पुष्कळांना वाटलं आता जुनी छापील मासिकंही येतील. ती आली नाहीत. डंजनमधल्या काही जुन्या अ‍ॅडव्हेंचर्स २०१९ च्या समुद्रकाठी घडणाऱ्या कथानकांच्या संग्रहात नवे नियम लावून आल्या, तेवढंच. १९८३ ला सुरू झालेली "इकॉलॉजी" मालिका, ज्यात छतावरून डोक्यावर पडणारा पिअर्सर हा गोगलगायीच्या जातीतला कसा हे गोष्टीसारखं सांगून सगळे नियम खाली तळटीपांत टाकलेले असायचे, ती आजही वाचायची तर जुने कागदी अंक नाहीतर १९९९ चा तो पाच सीड्यांचा डबा शोधावा लागतो, आणि मग सीडी घालायला ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर.