एमजीबीत नवा गिअरबॉक्स बसवायचाय? यूकेतले टॅक्स, एमओटी आणि लॉगबुकचे नियम नीट समजून घ्या

जुनी एमजीबी (एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली की आज ना उद्या गिअरबॉक्सचा विषय निघतोच. चार गिअर, मोटरवेवर इंजिन ओरडतंय, आणि गाडी १९६७ च्या शेवटापर्यंतची असेल तर पहिल्या गिअरला सिंक्रोच नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. मग कोणीतरी म्हणतं फोर्डचा पाच गिअरवाला टाका, आणि लगेच दुसरा घाबरवतो की असं केलंत तर हिस्टॉरिक म्हणजे जुन्या गाडीची टॅक्समाफी जाईल, एमओटी म्हणजे गाडीची दरवर्षीची टेस्ट परत सुरू होईल, नोंदणीचा नंबर सुद्धा जाईल. एवढं घाबरायचं कारण नाही. नुसता गिअरबॉक्स बदलला म्हणून यातलं काही जात नाही. तो बसवण्यासाठी बॉडीचा पत्रा कापलात तर मात्र विषय वेगळा होतो, आणि हाच फरक मला इथे नीट सांगायचाय. खालचं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सपुरतं धरा, उत्तर आयर्लंडमध्ये गाडीच्या टेस्टची व्यवस्था वेगळी आहे.

आधी टॅक्स. गाडी बनून ४० वर्षं झाली की ती हिस्टॉरिक वर्गात जाऊ शकते, हिशोब असा की चालू वर्षाच्या १ जानेवारीला ४० पूर्ण झालेली असतील तर त्या १ एप्रिलपासून टॅक्स शून्य. एमजीबी १९६२ ते १९८० बनली, त्यामुळे अगदी शेवटच्या गाड्याही १ एप्रिल २०२१ पासूनच यात बसतात, वयाचा प्रश्नच उरत नाही. पण सूट आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो आणि तो पहिल्यांदा पोस्ट ऑफिसात जाऊन, तेही गाड्यांचा टॅक्स घेणाऱ्या पोस्टात. सोबत तुमच्या नावावरचं लॉगबुक म्हणजे व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र), टॅक्सचं रिमाइंडर पत्र आलं असेल तर ते, आणि चालू एमओटी सर्टिफिकेट न्यायचं, एमओटीतून सूट घेणार असाल तर सर्टिफिकेटऐवजी व्ही११२ हा फॉर्म भरून द्यायचा. लॉगबुक पोस्टातून डीव्हीएलएकडे (गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) जातं आणि टॅक्सचा वर्ग बदलून नवीन येतं, म्हणून देण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. लॉगबुकच हरवलं असेल तर आधी व्ही६२ भरून नवीन मागवा.

लॉगबुकवर बनल्याचं वर्ष चुकीचं असेल किंवा नसेलच (बाहेरच्या देशातून परत आणलेल्या गाड्यांत हे बघायला मिळतं) तर पुरावा लागतो. एमजीसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, फॅक्टरीच्या नोंदीवरून, त्यात गाडी कधी बनली, मूळ इंजिन नंबर वगैरे असतं. माझं मत विचाराल तर गरज नसली तरी हे घेऊन ठेवाच, पुढे मूळ गाडी कशी होती हे दाखवायला याच्याइतका चांगला कागद नाही.

आणि एक, टॅक्स शून्य झाला तरी दर वर्षी गाडी टॅक्स करावीच लागते, पैसे शून्य पण नोंद हवीच. हिस्टॉरिक वर्गामुळे लंडनच्या युलेझ चार्जमधूनही (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना लागणारा) सुटका होते, गाडी धंद्याला लावलेली नसेल तर.

आता एमओटी, खरा घोळ इथे होतो. २० मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला एमओटी लागत नाही, पण अट अशी की मागच्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. मोठा बदल म्हणजे काय हे सरकारी मार्गदर्शनात लिहिलंय आणि त्यात तीन गोष्टी येतात: चासी किंवा मोनोकॉक बॉडीशेल (चासी आणि बॉडी एकच असलेला सांगाडा), ॲक्सल आणि रनिंग गिअर म्हणजे सस्पेन्शन-स्टिअरिंगचा प्रकारच बदलणं, आणि इंजिन. गिअरबॉक्सचं नाव या यादीत नाही! मूळ पद्धतीचाच नवा बॉडीशेल टाकला तर तोही मोठा बदल धरत नाहीत. शिवाय ती गाडी बनत होती तेव्हा किंवा उत्पादन थांबल्यावर दहा वर्षांत लोक जे बदल करत होते असं दाखवता येतं, तेही चालतात, आणि मूळ पार्ट मिळेनासे झाले म्हणून गाडी जपायला केलेले बदलही चालतात.

मग पत्रा कुठे येतो? एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळी मोनोकॉक, म्हणजे गिअरबॉक्स ज्या टनेलमध्ये (गाडीच्या मधोमध असलेल्या पत्र्याच्या बोगद्यात) बसतो ते टनेल बॉडीशेलचाच भाग. गंमत बघा, एमजीबीचाच नंतरचा, १९६७ च्या शेवटी आलेला चारही गिअरला सिंक्रो असलेला गिअरबॉक्स जुन्या मार्क वनमध्ये (एमजीबीची पहिली आवृत्ती) टाकायला गेलात तर तो मोठा असल्यामुळे टनेलमध्ये मावत नाही, कंपनीने सुद्धा मार्क टूला टनेल रुंद केलं होतं. म्हणजे ‘एमजीचाच पार्ट आहे, काय होतंय’ म्हणून जो सोपा वाटतो त्यातच कापाकापी. उलट फोर्ड सिएराचा टाइप नाईन (तोच पाच गिअरवाला) अंगाने बारीक आहे, चांगल्या किटमध्ये वेगळं बेलहाऊसिंग, क्रॉसमेंबर आणि प्रॉपशाफ्ट येतो आणि सगळं बोल्टवर बसतं, उद्या काढून मूळ गिअरबॉक्स परत लावता येतो. किट घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की माझ्या वर्षाच्या गाडीला टनेल कापावं लागेल का, आणि उत्तर लेखी घ्या. आणि फक्त मोटरवेचा आवाज कमी करायचा असेल तर मूळ ओव्हरड्राइव्हवाला (वरच्या गिअरमध्ये इंजिन आणखी सावकाश फिरवणारी जोडणी असलेला) गिअरबॉक्स आधी बघा, टाइप नाईनच्या पाचव्याचा रेशो ०.८२ आहे आणि नंतरच्या एमजीबीतला ओव्हरड्राइव्ह पण साधारण तेवढाच, तो तर कंपनीचाच पार्ट, कोणी काही विचारणारच नाही. मात्र तुमच्या वर्षाला बसणाराच घ्या, नाहीतर परत टनेलपाशी येऊन थांबाल.

सूट घेताना गाडीत मोठा बदल नाही हे तुम्ही स्वतः लिहून देता, तपासायला कोणी घरी येत नाही, म्हणून जबाबदारी पूर्ण तुमची. शंका असेल तर एमजीच्या क्लबमधल्या किंवा जुन्या गाड्यांच्या जाणकार माणसाकडून लेखी मत घ्या. तरीही खात्री नसेल तर सरळ एमओटी करून टाका, गाडीसाठी जास्तीत जास्त फी ५४.८५ पाउंड आहे. मी तर म्हणेन गिअरबॉक्सचं काम झाल्यावर सूट असली तरी एकदा करूनच घ्या, कारण सूट टेस्टची आहे, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवण्याच्या जबाबदारीतून सूट नाही.

लॉगबुकमध्ये गिअरबॉक्सचा रकानाच नाही, त्यामुळे नुसत्या गिअरबॉक्ससाठी डीव्हीएलएला काही कळवायचं नसतं. इंजिन, सीसी, रंग, इंधन बदललं किंवा चासी-बॉडीशेल बदलला अथवा त्यात फेरफार केला तर कळवावं लागतं. जुन्या चर्चांमध्ये ८ पॉइंटचा नियम वाचाल, जो भाग मूळ राहिला त्याचे पॉइंट: चासी ५, सस्पेन्शन २, ॲक्सल २, ट्रान्समिशन २, स्टिअरिंग २, इंजिन १, आणि मूळ नंबर ठेवायला ८ लागायचे. त्या हिशोबातही गिअरबॉक्स गेला तर १४ चे १२ उरायचे, पण शेल कापला की मोठे ५ अडचणीत. २६ ऑगस्ट २०२५ पासून धोरण बदललंय, आता स्ट्रक्चरल बदल केला तरी मूळ नंबर आणि चासी नंबर राहू शकतो, मात्र डीव्हीएलएला कळवणं भाग आहे. मूळसारखीच दुरुस्ती असेल आणि लॉगबुकवरचं काही बदलत नसेल तर कळवायची गरज नाही. लक्षात घ्या, नंबर राहिला म्हणजे एमओटीची सूटही राहिली असं नाही, त्याची अट वेगळी आहे.

इन्शुरन्सला मात्र सगळं सांगायचं, गिअरबॉक्ससुद्धा, आणि काम सुरू करण्याआधी. २०१२ च्या कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नांची नीट, खरी उत्तरं देणं ग्राहकाचं काम आहे, आणि ‘गाडीत काही बदल केलेत का’ हा प्रश्न विचारतातच. ॲग्रीड व्हॅल्यूची (गाडीची किंमत आधीच ठरवलेली) पॉलिसी असेल तर कामाआधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं पाठवून रक्कम परत ठरवून घ्या. काम महिनोनमहिने चालणार आणि इन्शुरन्स बंद करणार असाल तर सॉर्न (गाडी रस्त्यावर नाही अशी डीव्हीएलएला सूचना) जाहीर करा, मग गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, आधी बुक केलेल्या एमओटीला नेण्यापुरतीच चालवता येते. आणि गिअरबॉक्स बदलल्यावर स्पीडोमीटर खोटं दाखवायला लागतो, तो कॅलिब्रेट करून त्याचं बिलही फाईलला लावा.

पुढेमागे गाडी भारतात न्यायचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या. तिथे २०२१ च्या व्हिंटेज नियमात गाडी ५० वर्षांवरची लागते आणि चासी, बॉडीशेल, इंजिनात मोठा फेरफार नको, म्हणजे तिथेही नाव पत्र्याचंच येतं. नोंदणी १० वर्षांची, फी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००. गाडी आयात करायची परवानगी आणि ड्युटी हा पूर्ण वेगळा विषय आहे, तो या नोंदणीत धरू नका.