बर्फाखालच्या पाण्याचा माग

गेल्या हिवाळ्यात इंदूरला रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून मी भाचीला छोट्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दाखवले, तेव्हा तिने विचारले, "मामा, तिथे पाणी आहे हे कुणी जाऊन पाहिलंय का?" जाऊन कुणीच पाहिलेले नाही. तरीही त्यांपैकी युरोपाच्या बर्फाखाली खारा समुद्र आहे असे शास्त्रज्ञ मानतात, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा दिला तो छायाचित्रे न काढणाऱ्या एका उपकरणाने, चुंबकमापकाने.

गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाशी सुमारे १० अंशांनी कललेले असल्यामुळे युरोपाला ते साधारण अकरा तासांच्या फेऱ्याने उलटसुलट होत असल्याचे जाणवते. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते; त्यामुळे या बदलत्या क्षेत्रात समुद्र असेल तर त्यात प्रवाह निर्माण होऊन त्याचे स्वतःचे विरुद्ध क्षेत्र उमटायला हवे. जानेवारी २००० मध्ये गॅलिलिओ यानाला नेमके तेच आढळले.

मिशेल डॉहर्टी यांची कारकीर्द याच उपकरणाभोवती घडली. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, गणित शिकलेल्या आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात काम करणाऱ्या डॉहर्टी कॅसिनी यानावरच्या चुंबकमापकाच्या प्रमुख होत्या. २००५ च्या सुरुवातीला शनीच्या एन्सेलॅडसजवळून यान गेले, तेव्हा शनीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा त्या चंद्राला वळसा घालताना दिसल्या, जणू त्याच्याभोवती वातावरण असावे. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या चंद्राला वातावरण धरून ठेवता येत नाही, म्हणजे आतून सतत काहीतरी बाहेर पडत असले पाहिजे. डॉहर्टींच्या आग्रहाने पुढची भेट अवघ्या १७३ किलोमीटरवर आणली गेली, आणि १४ जुलै २००५ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या उबदार भेगांमधून पाण्याची वाफ उसळत असल्याचे उघड झाले. मला हा आग्रह त्या संपूर्ण मोहिमेतला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो.

सूर्यापासून इतक्या दूर ही ऊब कुठून येते? लोखंडी तारेचा तुकडा वीसेक वेळा भराभर वाकवून ओठाला लावला, तर वाकवलेली जागा चांगलीच गरम लागते (भाचीने लगेच करून पाहिले). लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारा चंद्रही ग्रहाच्या ओढीने असाच सतत ताणला जात आणि सैल पडत राहतो. एन्सेलॅडसच्या फवाऱ्यात पुढे हायड्रोजन सापडला, आणि २०२३ मध्ये तिथल्या बर्फकणांत फॉस्फेट असल्याचे जाहीर झाले. म्हणजे पाणी, ऊर्जा आणि जीवनाला लागणारी रसायने एकाच ठिकाणी आढळली.

एप्रिल २०२३ मध्ये निघालेल्या ज्यूस यानावरच्या चुंबकमापकाची धुराही डॉहर्टींनीच सांभाळली. यान जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि नंतर गुरूच्याच गॅनिमीड या चंद्राभोवती फिरेल. गॅनिमीडला स्वतःचेही चुंबकीय क्षेत्र असल्यामुळे त्यातून समुद्राची क्षीण खूण वेगळी काढणे एका धावत्या भेटीत जमणारे नाही; त्यासाठी महिनोन्‌महिने घिरट्या घालत मोजमापे घ्यावी लागतील.