रातांब्याच्या बीला हवं मे महिन्याचं ऊन

चॉकलेटात कोको बटरच्या जोडीला दुसरं कुठलं वनस्पती तेल चालेल, हा वाद युरोपात बरीच वर्षं रंगला होता. अखेर २००० साली युरोपीय संघाने सहा नावं मान्य केली, तीही पाच टक्क्यांच्या मर्यादेत: पाम, शिया, सालवृक्ष, इलिपे, आंब्याची कोय आणि कोकम. सहातली दोन कोकणातल्या कुठल्याही परसात सापडतील. कोयीबद्दल पुन्हा कधीतरी. कोकमाच्या बीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर थेट घरातल्या बाईच्या हातात येणारे पैसे ठरतात.

रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, म्हटलं की आपल्याला त्याची साल आठवते. सालीची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं, बाटल्या चाकरमान्यांसोबत मुंबईला जातात. बी मात्र घमेल्याच्या तळाशी उरते आणि बऱ्याचदा व्यापारी सांगेल त्या दराने जाते किंवा सरळ उकिरड्यावर पडते. खरं तर वाळलेल्या बीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल असतं. चार किलो बी म्हणजे फार तर एक किलो तेल.

त्याला तेल म्हणायचं ते सवयीने. एरवी ते घट्ट, पांढरट असतं आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. त्यातल्या मेदाम्लांत, म्हणजे तेल ज्या आम्लांचं बनतं त्यांत, निम्म्याहून अधिक वाटा स्टिअरिक आम्लाचा असतो. त्याचे रेणू सरळ साखळीचे असल्यामुळे एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. उरलेलं बहुतेक ओलिक आम्ल, ज्याची साखळी मधोमध वाकलेली असते. कोकम तेलाच्या बहुतांश रेणूंत दोन बाजूंना स्टिअरिक आणि मध्ये ओलिक, अशी नेटकी मांडणी असते. कोको बटरचे रेणूही याच घडणीचे, म्हणून दोघांचं जमतं. कोको बटर तेहतीस-चौतीस अंशांना वितळतं. त्यात थोडं कोकम तेल मिसळलं की चॉकलेट उन्हाळ्यातही जरा टणक राहतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. टाचांच्या भेगांवर हे तेल का टिकतं, तेही इथेच कळतं. पळीत गरम करून लावलं की ते भेगेत शिरतं आणि त्वचा त्याहून थंड असल्याने तिथेच थिजतं.

याच थिजण्यामुळे साध्या थंड घाण्यावर कोकम तेल नीट सुटत नाही. जुन्या बायकांनी यावर पाण्याचा उपाय काढला. बी फोडून टरफल काढायचं, गर कुटून बारीक वाटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल हलकं, ते वर तरंगतं. निवलं की साय धरल्यासारखा थर जमतो. तो काढून मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे वळायचे. पाण्याचा हा उपाय हुशारीचा आहे, पण बरंचसं तेल चोथ्यातच राहतं आणि सरपण खूप लागतं.

म्हणून बचत गटाला कोणीही सल्ला देतं, की तेल काढायचं यंत्र घ्या. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानही मिळतं. माझं मत वेगळं आहे. आधी वाळवणाची सोय हवी. कारण बीमध्ये तेलासोबतच तेल फोडणारं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ओल मिळाली की ते कामाला लागतं, मेदाम्लं सुटी होतात आणि तेलाला खवट वास येतो. असं आंबूस तेल साबणाला कदाचित चालेल, चांगला भाव देणारा खरेदीदार मात्र ते घेत नाही. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, उशिराचे मिरगाच्या पावसात सापडतात. त्यात खळ्यात उन्हाची पहिली जागा आमसुलांना, नंतर फणसपोळीला, कुरडयांना. गराने माखलेली बी कोपऱ्यात ओली पडून राहते. तिची किंमत तिथेच घसरते, पुढे यंत्र कितीही महागडं असो. बी धुऊन चार दिवस कडक उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या वाळवणगृहात खडखडीत झाली, तर गोणीत भरून पाऊसभर ठेवता येते. मग तेल काढायची घाई राहत नाही. भातलावणीनंतर हात मोकळे झाले की काम करता येतं आणि व्यापाऱ्याला मे महिन्यातच पडत्या दरात बी द्यावी लागत नाही. एप्रिल-मेमधले पैसे बियाण्याला आणि शाळेच्या वह्या-पुस्तकांना जातात. त्यामुळे घरात आलेला माल अडवून ठेवणं सोपं नसतं, हेही खरं. गटाने बीवर थोडी उचल दिली तरच ते जमतं.

यंत्र घेतलंच तर ते एका वाडीचं नको. चार झाडांच्या बीवर ते आठवडाभर चालेल आणि मग गंजेल. खोबरं त्याच्या जोडीला येऊ शकतं. उंडीच्या झाडाची बी मात्र त्याच यंत्रात घालू नये. तिचं तेल कडू आणि अखाद्य, पूर्वी होड्यांना आणि दिव्याला वापरायचे ते.

मालच कमी, याचं एक कारण झाडातच आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून आलेल्या रोपांपैकी निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला फुलोऱ्यापर्यंत पाच-सात वर्षं वाट बघावी लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’सारखी कलमं लावली तर हा जुगार टळतो. शिवाय ही जात लवकर पिकते, म्हणजे बहुतेक फळ पावसाआधी हाताशी येतं आणि बीलाही ऊन मिळतं.